शकूताईंचा जवाई

फोन देवरावांचा होता. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीत शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांचा गोंधळ नुकताच सुरू झाला होता. देवराव म्हणजे माझ्या नणंदेच्या, शकूताईंच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे ते. ते सहसा फोन करत नाहीत. करायचंच झालं तर पोराकडून करवतात. "वहिनी, दादा हायेत का घरी?" त्यांनी विचारलं. "आहेत ना, काय झालं?" असं मी म्हटलं तर त्यांनी आधी मला खाली बसायला सांगितलं. मग म्हणाले, "ताई गेल्या जी. चहा पेल्या, ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या... अन् तशाच."

दर्यापूरवरून अकोट आणि अकोटहून वर सातपुड्याकडे, असा तो रस्ता आम्ही दोघं किती वेळा गेलो असू. त्या दिवशी हे गाडी चालवत होते आणि अकोटला नेहमीसारखी चहाला गाडी थांबवली नाही. ताईंचं शेत पोपटखेडच्या अंगाला आहे. गावाचं नाव मी रचलेलं नाही, ते खरोखरच तसं आहे आणि त्याचं कारण तिथे एक सकाळ घालवली की कुणालाही कळतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ताईंना ओसरीत निजवलं होतं. बायका हलक्या आवाजात रडत होत्या. आणि समोरच्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडांवर पोपटांचा थवा रोजच्यासारखा बसून खात होता, ओरडत होता, अर्धे खाल्लेले जांब खाली टाकत होता. गावातल्या एका म्हाताऱ्यांना ते बरं दिसलं नसावं. त्यांनी वाकून ढेकूळ उचललं. देवरावांनी मागून त्यांचा हात धरला. "राहू द्या बुवा," ते म्हणाले, "खाऊ द्या. त्याईचंच हाय ते."

शकूताई म्हणजे आमच्या घरातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत मोठ्या आवाजाचं माणूस. उंच, हाडापेरानं रुंद, चालताना चपलांचा आवाज दोन घरं पलीकडे जाणार. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सगळ्यांनी मला बजावलं होतं की नणंद कडक आहे. पहिल्या दिवाळीत त्या अकोल्याहून माहेरी आल्या आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, "पत्ते येतात का तुले?" येतात म्हटलं. रात्रीची जेवणं झाल्यावर नव्या नवरीला त्यांनी रमीत असं धुऊन काढलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. कॅरम असो, पत्ते असोत, चौसर असो, ताईंना हरणं माहीत नव्हतं आणि कुणाला मुद्दाम जिंकू देणं हे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं. स्वतःच्या मुलाला, नितीनला, तो पाच-सहा वर्षांचा असतानाही त्यांनी कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही. तो रडायचा. त्या सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि म्हणायच्या, "रडून काय होते? पुन्हा खेळ."

त्यांचे यजमान, भाऊसाहेब, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून वडिलोपार्जित शेतात चार खोल्यांचं घर बांधलं, पुढे ओसरी काढली, संत्र्याची बाग धरली आणि घराजवळ जांबाच्या दोन ओळी लावल्या. सुखाचे काही दिवस गेले आणि भाऊसाहेब अचानक वारले. नितीन तोवर पुण्यात स्थिरावला होता. त्यानं आईला न्यायचा खूप प्रयत्न केला. ताई महिनाभर राहून परत आल्या. मी विचारलं, "काय झालं ताई, करमलं नाही?" तर म्हणाल्या, "काय करमन तिथं? दिवसभर लिफ्टमधे वर-खाली करून राहिली होती मी." त्या शेतावर एकट्या राहू लागल्या. आम्हाला काळजी वाटायची. सगळ्यात जास्त काळजी वाटायची ती त्यांच्याशी खेळायला तिथे कुणी नव्हतं याची.

पोपटांचा त्रास त्या भागाला नवा नाही. साधे पोपट असतात, डोक्यावर जांभळी झाक असलेले लहान पोपट असतात, आणि सकाळी डोंगरावरून येतात ते पहाडी पोपट. साध्या पोपटाच्या दीडपट मोठे, खांद्यावर लाल ठिपका, चोच अशी की अडकित्ता. आवाजसुद्धा वेगळा, घशातून येणारा, जाडसर. हे पहाडी एकदा जांबावर उतरले की झाडाखाली सडा पडतो. खातात थोडं आणि नासतात फार. ताईंनी सगळे उपाय केले. चमकणाऱ्या रिबिनी बांधल्या, गोफण चालवली, देवरावांनी फटाके आणून दिले. शेवटी त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. झाडांच्या मधोमध तेलाचा रिकामा डबा उलटा टांगला, त्यात लोखंडी नट सोडला आणि त्याची दोरी फांद्यांवरून थेट ओसरीतल्या खुर्चीपर्यंत आणली. थवा उतरला की ताई खुर्चीतून दोरी ओढायच्या, डबा खणखणायचा, थवा उडायचा. त्या फार खूश होत्या.

आणि मग एका सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं काहीतरी वाईट घडलं, कारण आधी त्यांना बोलताच येईना. त्या हसत होत्या. "वं सुनंदे," त्या म्हणाल्या, "माया डबा चोरला वं त्यानं!"

"कुणी ताई? चोर आला होता का?"

"चोरच म्हणा लागते. पोपट! मी आत चहा करून राहिली होती, अन् बाहेर डबा वाजला. मी म्हटलं, दोरी तर खुर्चीले बांधेल हाय, वाजवलं कोणं? येऊन पायतो तर सगळा थवा उडेल, अन् एकटा हा दोरीवर बसेल. मले वाटलं, अडकला असन. काहून अडकतो? निवांत झाडावर गेला अन् पिकेल जांब निवडून खाऊ लागला. बाकीचे परत आले, की हा पुन्हा दोरीपाशी. चोचीनं धरे, पायात दाबे, अन् झटका मारे. खण्ण! सगळे भुर्र. अन् हा पुन्हा एकटा जेवाले!"

मी हसले, पण मनात म्हटलं, ताईंना आता एकटेपणात भास होऊ लागलेत. हे म्हणाले, "शकूताई काही भास होणाऱ्यातली नाही." पुढच्या रविवारी आम्ही गेलो. ओसरीत तिघं गप्प बसलो. थवा आला. काही वेळानं एक मोठा पोपट थव्यातून निघाला, दोरीजवळच्या फांदीवर आला, मान तिरपी करून एकदा आमच्याकडे पाहिलं... आणि डबा वाजला. यांच्या हातातला चहा सांडला. ज्या आवाजाला भ्यायचं, तो आवाज कुठून येतो हे त्या पाखरानं शोधून काढलं होतं आणि बाकीच्यांना अजून माहीत नाही हेही त्याला ठाऊक होतं. ताई पुढे वाकून बघत होत्या. असा चेहरा मी त्यांचा पूर्वी एकदाच पाहिला होता, खूप वर्षांपूर्वी, कॅरमवर समोर कुणीतरी खरा खेळणारा बसला होता तेव्हा.

त्याची ओळख सोपी होती. डाव्या खांद्यावरचा लाल ठिपका त्याचा अर्धाच होता, कधीतरी ससाण्याच्या तावडीतून सुटला असावा. गळ्याला मागून गुलाबी आणि पुढून काळं कडं, म्हणजे नर. ताई त्याला जवाई म्हणू लागल्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "येते, सगळ्यात चांगलं खाते, वरून ओरडते, अन् चालला जाते. अजून काय म्हणू?"

त्या वर्षी बागेची फळं घेणारे व्यापारी नाराज झाले म्हणून ताईंनी संत्र्यावर आणि जांबावर नायलॉनची जाळी टाकली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाळीत जवाईच अडकला. सगळ्यांना चकवणारा तो, पण पारदर्शक दोऱ्यानं त्याला फसवलं. ताईंनी सांगितलं ते असं: त्या स्टुलावर चढल्या, हाताला पंचा गुंडाळला आणि कात्रीनं एकेक दोरा कापू लागल्या. तो किंचाळत होता आणि चावत होता. पंचा फाटला, अंगठ्याला खोल जखम झाली, रक्त मनगटापर्यंत आलं. देवराव खालून म्हणाले, "ताई, पिंजरा आणू का? असा मिठू भेटत नाई. बोलाले शिकवा त्याले." ताई म्हणाल्या, "आता हा काय गप बसेल हाय का? एवढं बोलून राहिला मले!"

सोडण्याआधी क्षणभर त्यांनी त्याला पंचात धरून जवळून पाहिलं. त्या क्षणाचं वर्णन ताई इतक्या वेळा करायच्या की आता ते मला माझंच वाटतं. लांबून हिरवा दिसणारा तो पक्षी जवळून नुसता हिरवा नव्हताच. छाती कोवळ्या तुरीच्या पानासारखी, पाठ गर्द, गालांवर राखाडी-निळी झाक, शेपटी वर निळसर आणि टोकाला पिवळी होत गेलेली. ऊन पडलं की हे सगळे रंग एकमेकांत सरकायचे. आणि डोळा. फिक्या पिवळ्या कड्यातली काळी बाहुली लहान-मोठी होत होती, आत कुणीतरी दार उघडून पुन्हा लावावं तशी. "तो मले पाहून राहिला होता वं," ताई म्हणायच्या. "भ्याला होता, पण भीतीत बी पाहून राहिला होता. हे कोन हाय, काय करते, सारं ध्यानात ठेवून राहिला होता." त्यांनी हात उघडला. तो उडाला. त्याच दुपारी त्यांनी घराजवळच्या दोन्ही ओळींवरची जाळी काढली. संत्र्यावर राहू दिली. जांब त्याचे, संत्री माझी, असा त्यांनी व्यवहार ठरवला.

आठवडाभर तो आला नाही. ताई त्या आठवड्यात फोनवर तुटक बोलायच्या. मग एका सकाळी छपराच्या पत्र्यावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. ताई बाहेर आल्या तर जवाई पत्र्याच्या माथ्यावर. त्यानं कपडे वाळत घालायच्या तारेवरचा प्लास्टिकचा चिमटा चोचीत आणला होता. तो त्यानं उतरत्या पत्र्यावर सोडला. चिमटा खडखडत खाली आला, पन्हाळीत अडकला. जवाई चालत खाली आला, चिमटा उचलला, वर गेला, पुन्हा सोडला. मान वाकडी करून आवाज ऐकला. पुन्हा. मग एकदा त्यानं चिमटा सोडला आणि त्याच्यामागे स्वतःच पत्र्यावरून पंख मिटून घसरत आला! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नंतरच्या हिवाळ्यात. थंडीच्या सकाळी दव पडून पत्रा ओला असायचा तेव्हा तो हमखास घसरायचा आणि खाली पोचल्यावर पंख झटकून असा ओरडायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं.

त्या चिमट्यानं ताईंना आत कुठेतरी हलवलं. डबा वाजवण्यात पोट भरण्याचा मतलब होता, तो त्यांना समजला होता. "पन यात त्याले खायले काय भेटलं?" त्या मला विचारायच्या, मी उत्तर देऊ शकेन अशा आशेनं. "काईच नाई. मग काहून करून राहिला? मजा म्हणून. सुनंदा, त्याले मजा समजते वं." डोंगराकडे पाहत राहायच्या. एवढ्या मोठ्या रानात, साप-ससाण्यांच्या भीतीत, रोजच्या पोटाच्या धडपडीत, कुणीतरी निव्वळ मजेसाठी वेळ काढतं, हे त्यांना एखाद्या गूढासारखं वाटायचं.

मग त्यांचा खेळ सुरू झाला. ताई जांबाच्या फांदीला लांब दोरा बांधून टोकाला भुईमुगाच्या शेंगा लटकवायच्या. जवाईनं पहिल्या दिवशी दोऱ्याभोवती घिरट्या घातल्या, ओरडला, निघून गेला. दुसऱ्या दिवशी फांदीवर बसून चोचीनं दोरा ओढला, ओढलेला भाग पायाखाली दाबला, पुन्हा ओढला, पुन्हा दाबला, अशी विहिरीतून बादली काढावी तशी शेंग वर घेतली. ताईंनी दोन दोरे एकमेकांत गुंतवले. त्यानं सोडवले. त्यांनी शेंगा बाटलीत घातल्या. त्यानं बाटली उलटी केली. फिरकीचं झाकण असलेली बरणी मात्र त्याला कित्येक दिवस उघडता आली नाही. ताईंनी मला फोन करून सांगितलं, "हरला!" आणि आवाजात इतका आनंद होता की विचारू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "उघडली," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लय हुशार हाय लेकाचा." त्या दिवशी त्या मला जिंकल्यापेक्षा जास्त आनंदी वाटल्या.

एका थंडीत जवाई एकटा आला नाही. सोबत गळ्याला कडं नसलेली मादी होती. बांधावरच्या जुन्या मोहाच्या खोडात, उंचावर, एक ढोली होती. दोघांनी ती चोचीनं कोरून मोठी केली. फाल्गुनात मी मुद्दाम काही दिवस राहायला गेले. मोहाची फुलं गळत होती, सगळ्या शेताला गोड, जड वास होता. ढोलीच्या आतून पिल्लांची किरकिर ऐकू यायची आणि जवाई दिवसभर चारा आणायचा. खेळ बंद होता. ताईंनी दोऱ्याला शेंग टांगली तर तो तिच्याकडे न पाहता निघून जायचा. "संसारी झाला," ताई म्हणाल्या.

देवरावांनी सांगितलं की आजूबाजूच्या गावांत दोन माणसं पिल्लं काढत फिरतायत. पहाडी पोपटाच्या पिल्लांना शहरात मागणी असते. कायद्यानं बंदी आहे, तरी नेतात. पिशवीत घालून नेतात आणि निम्मी वाटेतच मरतात. ताईंनी ऐकलं आणि आतली बाज उचलून मोहाखाली नेऊन टाकली. मी म्हटलं, "ताई, तुम्ही एकट्या काय करणार?" तर म्हणाल्या, "बसतो. मायं झाड हाय, मी बसू शकतो ना?"

ती माणसं आली ती भर दुपारी, मोटारसायकलवर, खांद्याला मोठी पिशवी. ताई बाजेवर, मी शेजारी. "आजी, या झाडावर मध हाय म्हणतात," एक जण म्हणाला. "असन बाप्पा," ताई म्हणाल्या, "बसा. एवढ्या उन्हात आले. सुनंदा, ताक आण वं. अन् जाता जाता देवरावले म्हण, म्हैस सुटली." म्हैस नव्हतीच. माझ्या लक्षात आलं. मी देवरावांकडे धावत गेले, त्यांनी वनरक्षकाला फोन लावला. ताक घेऊन परत आले तेव्हा ताई त्या दोघांना त्यांचं गाव विचारत होत्या, पोरं किती, गुडघे दुखतात का, आपले गुडघे कसे दुखतात, कोणत्या तेलानं बरं वाटतं. पहिला माणूस उतावळा झालेला. "आजी, उशीर होऊन राहिला." "होऊ दे ना बाप्पा, मोहाखाली बसलं की वेळ कुठं समजते." जवाई वरच्या फांदीवर येऊन किंचाळत होता. दुसरा माणूस त्याच्याकडे पाहत होता. जनावराच्या बाजारात बैलाकडे पाहतात तसं पाहत होता. हळूच म्हणाला, "मोठ्या जातीचा हाय." ताईंनी ते ऐकलं. त्यांनी पेल्यात आणखी ताक ओतलं.

रस्त्यावर वनरक्षकाच्या गाडीचा आवाज आला आणि दोघं उठलेच. त्यांच्या पिशवीतली दोराची शिडी तिथेच पडली. "ताक तरी पुरं पेऊन जा!" ताई मागून ओरडल्या. मला हसू फुटलं. ताईंनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाल्या, "धक्का देला असता तर मी पडली असती वं. काय केलं असतं मी?" एवढ्या वर्षांत मला प्रथमच समजलं की ताई भितात. भीत असूनही त्या बाजेवर बसल्या होत्या.

पिल्लं उडाली त्या सकाळी मी तिथेच होते. उजाडलं होतं, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं. जवाई आणि मादी समोरच्या झाडावर बसून हाका मारत होते, चारा न देता. ढोलीतून एक डोकं बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. कितीतरी वेळ. मग ते पाखरू अचानक बाहेर पडलं, पडता पडता पंख उघडले, वेडंवाकडं जाऊन जांबावर आदळलं आणि फांदीला उलटं लटकलं. तसंच लटकून राहिलं, बापासारखं, खालून जग बघत. दुसरं आलं. तिसरं आलं ते सरळ, जणू आधीपासून येत होतं. आणि मग डोंगराकडून सगळा थवा आला. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे पंख खालून उजळले होते, लांब शेपट्या मागे ओढलेल्या, आणि त्या हिरव्या झोतात ती तीन पोरं सामील झाली. सगळे मिळून वळले, पुन्हा वळले आणि सातपुड्याच्या निळ्या रेषेकडे गेले. आवाज विरला तरी आम्ही दोघी तशाच उभ्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मले वाटे तो माया अंगणात येते," त्या म्हणाल्या. "आपनच त्याईच्या अंगणात राहून राहिलो वं, सुनंदा."

गेल्या पावसाळ्यानंतर ताईंचं हृदय थकलं. त्यांना अमरावतीत दवाखान्यात ठेवलं, मग आमच्या घरी. खिडकीजवळ पलंग टाकला होता. राजापेठेतल्या विजेच्या तारांवर संध्याकाळी पोपट बसतात, साधे. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हे शहरातले. शिकवणीले जाऊन राहिले." आम्ही खूप हसलो. डॉक्टरांनी शहरातच राहा म्हणून सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि सामान भरायला घेतलं. यांनी समजावलं, नितीननं फोनवरून समजावलं. शेवटी त्या मला म्हणाल्या, "इथं मी बरी व्हईन, पन करू काय?" आम्ही त्यांना शेतावर सोडून आलो. निघताना त्या ओसरीतून हात हलवत होत्या. तीच शेवटची भेट.

नंतर फोनवर मात्र बोलणं व्हायचं. गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की या वेळी पक्कं काम केलं आहे. स्टीलचा छोटा डबा, कडीचा, कडीत वाकवलेला खिळा, आत अक्रोड. सगळ्यात जवळच्या जांबाच्या फांदीला सुतळीनं टांगला आहे. "रोज येते, पायते, चोच मारते, चालला जाते. यावेळी मी जिंकली." मी म्हटलं, "ताई, बिचाऱ्याला एखादा अक्रोड द्या की." "काहून देऊ? कमावू दे."

नितीन पुण्याहून आला आणि दिवस झाल्यावरही लगेच गेला नाही. काम लॅपटॉपवर चालतं, थोडे दिवस राहतो, म्हणाला. शेताचं काय करायचं हा विषय निघाला. नातेवाइकांनी सल्ले दिले. त्यानं ते ऐकून घेतले. आम्ही निघालो तेव्हा तो कडीचा डबा फांदीला तसाच टांगलेला होता, बंद. वाऱ्यानं थोडा हलत होता. यांनी तो काढायला हात वर केला होता, पण नितीन म्हणाला, "राहू द्या मामा. आईचा डाव आहे तो."

परवा सकाळी त्याचा फोन आला. नितीन शांत मुलगा. आईसारखा मोठ्यानं बोलत नाही. पण त्या दिवशी त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"मामी, उघडला!"

"काय उघडला?"

"डबा! त्यानं कडीला हातच लावला नाही मामी. दोन दिवस फांदीवर बसून सुतळी कुरतडत होता, मला वाटलं उगाच चाळा करतोय. आत्ता डबा खालच्या फरशीवर पडला आणि चेपून उघडला. अक्रोड अंगणभर. तो आहे, त्याची बायको आहे, आणखी कोण कोण आहेत..." तो हसत होता. मग हसणं थांबलं, आणि मागून पोपटांचा आवाज ऐकू आला, जाड, घशातला. "आई हरली, मामी," तो म्हणाला.

मी डोळे पुसले आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग आता काय करतोयस?"

"डबा ठोकून सरळ करतोय," नितीन म्हणाला. "सुतळी नको आता. तार आणायला देवरावकाकांना पाठवलंय."